पाठीकडून पाहिलेलं झाड

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जालन्याहून एक बाई आली होती. अर्पिता साळवे नाव. सळयांच्या कारखान्यात ऑफिसात काम करते आणि त्यांच्या चर्चच्या तरुण मंडळाचं सगळं तीच बघते. घरात शिरताच माझ्या सासूबाईंच्या पाया पडायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली. आमच्यात पाया पडलेलं चालतं की नाही, ते तिला ठरवता येईना. अम्मींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिची सुटका केली.

ती आमेरला, माझ्या नवऱ्याला, शोधत आली होती. जुलैत त्यानं तिला शब्द दिला होता, की नाताळला चर्चच्या भिंतीवर दिव्यांचं झाड करून देतो. साध्या माळांचं नाही, पिक्सलचं. म्हणजे प्रत्येक दिव्याला आपापला नंबर, आणि कुठला दिवा कधी कोणत्या रंगात लागेल ते लॅपटॉपवर ठरवायचं. झाडावर बर्फ पडेल, तारा फिरेल, शेवटी अक्षरं सरकत जातील. "फोन लावते तर वाजतो, पण कुणी उचलत नाही," ती म्हणाली. फोन माझ्या कपाटात आहे. मी तो रोज चार्ज करते, उचलत नाही. हे तिला सांगितलं नाही.

बाकीचं सांगितलं. गणपतीचा दुसरा दिवस होता, पिंपळगाव रेणुकाईला मंडळाची लायटिंग करून तो गाडीवर परत येत होता, रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी होती. एवढंच आहे, सांगायला वेळ लागत नाही. जन्मभर लोकांकडे दिवे लावणारा माणूस अंधारातल्या ट्रॉलीवर गेला, असं म्हणून लोक मान हलवतात. मीही हलवते. अर्पिता रडायला लागली. मी उठून तिला पाणी आणून दिलं. अम्मी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

जाताना ती म्हणाली, आम्ही दुसरं कुणी बघतो, तुम्ही मनावर घेऊ नका. मी म्हणाले, झाड होईल. का म्हणाले, ते अजून कळलेलं नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

१६ नोव्हेंबर, रविवार

मी इद्दतीत आहे. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराचा उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, नटायचं नाही. माझी इद्दत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपेल. नाताळ त्याच्या आधी. म्हणजे झाड मी करायचं आणि बघायचं दुसऱ्यांनी.

माझा दीर इमरान यावरच हसला. भाभी घरात बसून झाड लावणार का, म्हणे. इमरान वाईट नाही. त्याचा एक दोस्त मोबाइल दुरुस्तीसाठी जागा शोधतोय आणि आमचं लायटिंगचं दुकान राजूरच्या गणपती मंदिराच्या रस्त्यावर मोक्याच्या जागी आहे, एवढंच. आमेर नाही तर दुकान कुणासाठी, असं तो विचारतो. प्रश्न चुकीचा नाही.

अब्बा, म्हणजे माझे सासरे, ऐकत होते. दफनविधीहून आल्यापासून दुकानाची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात आहे. लालमियाँ म्हणजे कमी बोलणारा माणूस, हे सगळ्या राजूरला माहीत आहे. ते इमरानला म्हणाले, "झाड़ लग गया तो दुकान दुल्हन की. नै लगा, तो तू बोलता वैसा." दुल्हन म्हणजे मी, घरची सून.

आनंद झाला का? नाही. भीती वाटली का? तीही नाही. पण दुकान गेलं तर मी शहागडला भावाच्या घरी जाईन, आणि हायवेकडच्या त्या ओट्यावर बसून ट्रक बघत म्हातारी होईन, हे डोळ्यांसमोर आलं. ते मला नको आहे. काहीतरी नको आहे, एवढं तरी अजून कळतं म्हणायचं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लॅपटॉप उघडला. आमेर गेल्यापासून पहिल्यांदा.

आमचं काम वाटलेलं होतं. त्याला लॅपटॉपचं वावडं, मला शिडीचं. तो माळा बांधायचा, मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून नक्षी करायची. गणपती, उरूस, जयंती, लग्नं, सगळं असंच. एकमेकांना काही विचारावं लागायचं नाही. तो उर्दू शाळेत शिकलेला, म्हणून त्याची प्रत्येक गोष्ट उजवीकडून सुरू व्हायची. मराठी पेपरसुद्धा मागच्या पानापासून उघडायचा, आणि निधनवार्ता आधी वाचून मला कोण गेलं ते सांगायचा. मी शहागडच्या मराठी शाळेतली. ही वहीसुद्धा मराठीत लिहिते, त्यामुळे घरात कुणी वाचायचा प्रश्न येत नाही.

नव्या कामाच्या चौकटी भरल्या. माळा किती, दिवे किती, वायर कुठून सुरू. शेवटच्या चौकटीत नेहमीसारखा उजवीकडे टिक मारला. हे सगळं हात आपोआप करतात, डोकं लागत नाही. बरं आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

संपतभाऊ आले. ते अंगणात, मी पडद्याआड, अम्मी मध्ये पहाऱ्याला. संपतभाऊ आमच्याकडे सुरुवातीपासून आहेत. आमेर वर चढायचा आणि ते खाली शिडी धरायचे. आता तेच वर चढणार, खाली त्यांचा पुतण्या धरेल. सांगाडा भोकरदनच्या वेल्डरकडे टाकला आहे. अर्धं झाड करायचं, भिंतीला टेकून उभं राहील असं, पुढून गोल आणि मागून सपाट.

मी आतून सांगत होते, ते बाहेरून "हाव भाभी, हाव भाभी" करत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तसं त्यांना म्हटलं, तर म्हणाले, "शेळ्या माझ्या घरी हायेत भाभी, मला सवय हाये. तुमी हाका फक्त." अम्मी हसल्या. मीही हसले असेन.

२९ नोव्हेंबर, शनिवार

भेटायला बायका आल्या होत्या. त्या येतात, बसतात, माझ्या चेहऱ्याकडे बघतात. त्यांना जे बघायचं असतं ते तिथे नसतं. मग चहा पितात.

त्या गेल्यावर अम्मींनी विचारलं, "तू रोती क्यों नै दुल्हन?" भांडायच्या आवाजात नाही, औषध घेतलं का विचारतात तसं. मी म्हटलं, येत नाही. त्या म्हणाल्या, लोक बोलतात. मी म्हटलं, मग लोकांना रडू दे.

हे बोलायला नको होतं. त्यांचा मुलगा होता. पण खरं सांगायचं तर मला आत काही सापडतच नाही. पहिल्या दिवशी वाटलं धक्का आहे, ओसरेल. आता वाटतं, माझी बनावटच अशी असेल आणि आजवर तपासायची वेळ आली नव्हती. भूक लागते, झोप लागते, डाळीत मीठ बरोबर पडतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

अक्षरं काय टाकायची ते अर्पितानं फोनवर सांगितलं. 'येशू जन्मला'. मग घाबरत विचारलं, तुमच्या घरी हे चालेल ना? मी म्हटलं, ताई, राजूरच्या गणपतीवर आमचं घर चालतं, तुम्ही काळजी करू नका.

अम्मींनी ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, येशू म्हणजे ईसा नबी, त्यांची गोष्ट आपल्यातही आहे. त्यांच्या आईला, मरियम बीबींना, कळा आल्या तेव्हा त्या खजुराच्या झाडाला टेकून बसल्या होत्या. म्हणजे झाड लावतात ते बराबरच आहे, फक्त खजुराचं पाहिजे होतं. थोड्या वेळानं तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अकेली थी बिचारी. किसी से बात भी नै करना था." मी अक्षरांचा रंग पिवळा ठेवला.

११ डिसेंबर, गुरुवार

बर्फ जमत नाही. दिवे वरून खाली एका वेळी विझतात तेव्हा ते बर्फ वाटत नाही, नळ बंद केल्यासारखं वाटतं. तीन प्रकारे करून बघितलं. कागदावर टाचण लिहून ठेवलं: 'बर्फाचा वेग, आमेरला विचारायचं.' लिहून झाल्यावर वाचलं. खोडलं नाही, कागद घडी करून लॅपटॉपखाली ठेवला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बर्फ जमला. प्रत्येक माळेला थोडा थोडा उशीर दिला.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज झाड अंगणात उभं करून बघितलं. संपतभाऊंनी माळा बांधायला दोन दिवस घेतले. स्वतःच्या हातानं पहिल्यांदाच बांधत होते, पण आवळून, नीट. सांगाडा ओसरीच्या खांबांना टेकवला, कारण तसा तो उभा राहत नाही. झाडाचं तोंड गल्लीकडे, पाठ ओसरीकडे. ओसरीच्या आत पडदा, पडद्याआड मी. दिवे चालवणारा कंट्रोलरचा डबा झाडाच्या मागे, म्हणून संपतभाऊही मागेच उभे, माझ्याकडे पाठ करून.

सूर्य मावळून मगरिबची नमाज झाल्यावर चालू केलं. दिव्यांची तोंडं बाहेर, त्यामुळे मला आतून जरा फिकं दिसलं, पण सगळं बरोबर होतं. बर्फ पडला, तारा फिरला, 'येशू जन्मला' डावीकडे सरकत गेलं, अक्षर न् अक्षर वाचता आलं. संपतभाऊ म्हणाले, "एकदम बराबर हाये भाभी." गल्लीत पोरं जमली होती आणि हसत होती. पोरांना असलं काही दिसलं की हसतातच. इमरान जालन्याला गेला होता, नाहीतर त्यालाही दाखवलं असतं.

अब्बा गल्लीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांना उर्दूशिवाय काही वाचता येत नाही, पण आत येऊन म्हणाले, "बिलकुल सही चल रहा." अब्बांकडून एवढं म्हणजे सत्कारच. इद्दतीच्या घरात रोषणाई, हे गावभर फिरायला नको, म्हणून कुणाला व्हिडिओ काढू दिला नाही.

समाधान वाटायला हवं होतं. जरा थांबून वाट बघितली. मग भाकरी टाकल्या.

२० डिसेंबर, शनिवार

झाड टेम्पोतून गेलं. माळा बांधलेल्याच ठेवल्या, सांगाडा तसाच आडवा टाकला. नक्षीची फाइल असलेलं कार्ड कंट्रोलरमध्ये घातलेलं आहे. हत्ती गेला, शेपूट राहिलं. तिकडे संपतभाऊ भिंतीला टेकवून बोल्ट कसतील आणि सोमवारी चालू करून बघतील.

अंगण एकदम मोठं झालं. अम्मी म्हणाल्या, सूना सूना लगता. मी झाडून घेतलं.

२२ डिसेंबर, सोमवार

अर्पिताचा व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, अक्षरं उलटी आहेत.

आरशात दिसतात तशी उलटी. आणि उजवीकडे पळत होती. मी तिला लगेच सांगितलं, तुमच्या फोनचा पुढचा कॅमेरा चालू असेल, तो सगळं उलटं दाखवतो. तिनं वाद घातला नाही. पुन्हा व्हिडिओ काढून पाठवला, त्यात झाडाशेजारी चर्चच्या नावाची पाटी होती. पाटी सरळ आणि झाड उलटं.

मग तिनं फोन केला. हळू बोलत होती, आजूबाजूला माणसं असावीत. त्यांच्या कमिटीतल्या एका आजोबांनी विचारलं म्हणे, हे उर्दूत लिहिलं आहे का? ती हसायचा प्रयत्न करत होती. पण बाकीचे हसलेले नाहीत. आपल्या सणाची कुणीतरी मुद्दाम चेष्टा केली, असं एक जण म्हणाला. तिनं त्यांना थांबवलं आहे. उद्या रात्रीपर्यंत नीट झालं नाही तर झाड उतरवून साध्या माळा सोडायच्या, असं ठरलं. "कहकशाताई, मी तुमचं नाव पुढे करून सगळ्यांना शब्द दिलाय," ती म्हणाली.

इमरान तिथेच बसला होता. त्यानं अब्बांकडे बघितलं. अब्बांनी बंडीचा खिसा चाचपला. पोरं का हसत होती ते मला आता कळलं.

पण मी माझ्या डोळ्यांनी सरळ अक्षरं वाचली होती. ती कशी?

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळपासून सगळी नक्षी तपासली. एकेक माळ, एकेक अक्षर. कुठेच चूक नाही. दुपारी संपतभाऊंना फोन लावला आणि विचारलं, पहिली माळ कुठून बांधली?

"डावीकडून, भाभी. लिवतो आपण तसं. का?"

मी विचारलं, आमेर कुठून बांधायचे?

त्यांना आठवून बघावं लागलं. मग म्हणाले, "ते मी कधी बघितलंच न्हाई. माझं सगळं ध्यान शिडीकडं असायचं."

फोन ठेवला. चौकट उघडली. वायर कुठून सुरू? उजवीकडून. माझाच टिक, महिन्याभरापूर्वीचा. डाव्या बाजूनं बांधलेलं झाड उजवीकडून वाचायला लावलं तर ते पुढून उलटंच दिसणार, आणि मागून सरळ. अंगणात झाडाची पाठ माझ्याकडे होती. अब्बांना पुढून बिलकुल सही वाटलं, कारण सरकत्या पाटीवर उर्दू अक्षरं उजवीकडे जातात, तशीच ही जात होती.

हात आपोआप करतात, डोकं लागत नाही, असं मी किती समाधानानं लिहिलं होतं. लग्नानंतर पहिल्या उरुसाच्या कामात आमेरनं एकदाच सांगितलं होतं, मी इकडून बांधतो. त्यानंतर मी त्या खान्याकडे कधी बघितलंही नाही. मी हे झाड संपतभाऊंच्या हातासाठी केलंच नव्हतं. आमेर भिंतीपाशी उभा राहील, वायर खांद्यावर टाकेल आणि उजवीकडून पहिली माळ ओढेल, असं धरून केलं होतं. सगळ्यांना मीच सांगत होते तो गेला म्हणून. अर्पिताला सांगितलं, बायकांना सांगितलं. लॅपटॉपला सांगितलं नव्हतं.

दुरुस्तीला एक बोट पुरतं. टिक इकडून काढून तिकडे मारायचा. मी बसून राहिले. चहा आला, गार झाला, अम्मी उचलून घेऊन गेल्या. संपतभाऊंना सांगून माळा सोडवून पुन्हा उजवीकडून बांधायला लावता येतील का, याचाही विचार केला. तेवढा वेळ नव्हता. असता तर मी ते केलं असतं, हे इथे लिहून ठेवते.

दुपार कलून असरची अजान झाली तेव्हा टिक काढला. काही झालं नाही. रडूही आलं नाही. नवीन कार्डावर फाइल घेतली.

कार्ड घेऊन कोण जाणार, तर इमरान उठला. अब्बांनी त्याच्या हातातून कार्ड काढून घेतलं, बंडीच्या त्याच खिशात ठेवलं, वरून बटण लावलं आणि एसटी पकडायला निघाले. टोपी विसरले होते. अम्मी मागे धावल्या.

२४ डिसेंबर, बुधवार

अब्बा रात्री तिकडेच राहिले. अर्पिताच्या आईनं त्यांना जेवू घातलं, मटण नको म्हणाले म्हणून वांग्याची भाजी केली. आज दुपारी परत आले.

आम्ही सगळे बघत होतो. अब्बांनी आधी पाय धुतले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "अब उल्टा चल रहा. मगर लोगाँ खुश हैं."

माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. इमरान आधी हसला, अगदी मनापासून. मग म्हणाला, अब्बा, आता सरळ चालतंय. अब्बा म्हणाले, तुम्हारा सीधा. खिशातून किल्ली काढून त्यांनी लॅपटॉपवर ठेवली आणि नमाजला गेले.

संध्याकाळी अर्पितानं फोनवर झाड दाखवलं. खूप माणसं होती, गाणी चालली होती. बर्फ पडला, तारा फिरला, अक्षरं सरळ गेली. चांगलं झालं आहे, असं दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल वाटतं, तसं वाटलं. अम्मी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, आमेरनं केल्यासारखंच दिसतं. मी त्यांना पाणी दिलं.

२८ डिसेंबर, रविवार

अर्पितानं कळवलं की झाड सहा जानेवारीपर्यंत राहील. बाळाला बघायला दूरदेशीचे ज्ञानी लोक आले, तो दिवस. कमिटी नव्या वर्षाला उतरवणार होती, हिनंच अडवून धरलं. "सहा तारखेला तुम्ही याल ना?" म्हणाली. इद्दत कधी संपते ते तिनं विचारून, आठवून ठेवलं होतं.

४ जानेवारी, रविवार

इद्दत संपली. भाऊ शहागडहून नवे कपडे आणि मिठाई घेऊन आला. चल म्हणाला, थोडे दिवस राहा. मी त्याला किल्ली दाखवली. तो म्हणाला, बरं. त्याला सुटल्यासारखंच झालं असावं.

दुकानाच्या पाटीवर आमेरचा नंबर आहे. अर्पितासारखं अजून कुणी तो फिरवत असेल. उद्यापासून तो फोन मी उचलेन.

६ जानेवारी, मंगळवार

आज अंगारकी. राजूरला येणाऱ्या गाड्यांनी रस्ता पहाटेपासून भरलेला. सगळं जग राजूरकडे येत होतं आणि मी, अम्मी आणि संपतभाऊ उलट्या दिशेनं टेम्पोत. इतक्या दिवसांनी उंबरा ओलांडला आणि समोर एवढी माणसं. मला वाटलं होतं, बाहेर पडले की काहीतरी वाटेल. ऊन डोळ्यांत गेलं, एवढंच.

अर्पिता चर्चच्या दारात उभी होती. अंधार पडू लागला तसं तिनं झाड लावलं. मी पहिल्यांदा ते पुढून बघितलं. मागून फिके दिसलेले रंग पुढून डोळ्यांत भरत होते. बर्फ अगदी सावकाश पडत होता. अम्मींनी विचारलं, क्या लिखा? मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, खजुराचं पाहिजे होतं, आणि अर्पिताला मरियम बीबींची गोष्ट सांगायला लागल्या. आजूबाजूच्या बायका ऐकायला थांबल्या.

शेवटचा फेरा झाल्यावर झाड बंद केलं. आजच उतरवून न्यायचं होतं. संपतभाऊ शिडी आणायला निघाले, मी म्हटलं, थांबा, पहिली माळ मी सोडवते, खालूनच तर आहे. आजवर मी माळेला कधी हात लावला नव्हता.

मी उजवीकडे गेले. विचार केला नाही, पाय गेले. वाकून सांगाड्याच्या कडीजवळ हात घातला, वायर जिथून आत जाते ती जागा शोधायला. तिथे वायर नव्हती. शेवटच्या माळेचं टेप लावून बंद केलेलं टोक होतं. मी ते हातात धरून ठेवलं. टेप संपतभाऊंनी लावली होती, नीट, दोन वेढे. आमेर तीन घालायचा.

तिथे मी खाली बसले आणि रडले. आवाज करून रडले. चर्चच्या आवारात, परक्या माणसांसमोर, नव्या कपड्यांत मातीत बसून. असं रडू माझ्यात होतं, हे मला माहीत नव्हतं. तो मेला आहे. तो मेला आहे आणि आता कुणी उजवीकडून बांधणार नाही, हे मी मोठ्यानं म्हणाले की मनात, ते आठवत नाही.

अम्मी गोष्ट अर्धी सोडून आल्या. गुडघे दुखतात तरी माझ्याशेजारी मातीत बसल्या. रड म्हणाल्या नाहीत, रडू नको म्हणाल्या नाहीत. माझ्या हातातलं ते टोक सोडवून घेतलं आणि आपल्या हातात धरून बसल्या. संपतभाऊ शिडी घेऊन आले होते, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अर्पिता पाण्याचा तांब्या घेऊन आली.

पाणी प्यायले. मग डावीकडे गेले आणि पहिली माळ सोडवायला घेतली.